वहिनीच्या दारावरचा निंब

दादाचा फोन आला तेव्हा माय अंगणात वाळत घातलेली मोहफुलं उलथत होती आणि मी ओसरीत वहिनीच्या कपड्यांची पिशवी भरत बसले होते. दुपारच्या बसने नागपूरला निघायचं ठरलं होतं. दोन सुती गाऊन, डोक्याला बांधायचे रुमाल, ओठांना लावायला वाटीभर तूप... दादा फोनवर धड बोललाच नाही. "निर्मला..." एवढंच म्हणाला, आणि मागे कुणी बाई त्याला खाली बसायला सांगत होती ते ऐकू आलं. मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही, भीती वाटली, आणि तीही भलतीच. आता हे मायला कसं सांगायचं? माय पाठमोरी वाकलेली होती. तिने सरळ होऊ नये, माझ्याकडे पाहू नये, तेवढा वेळ तरी हे घडलेलं नाही असं काहीतरी माझ्या डोक्यात चाललं होतं. तिने पाहिलंच. काहीही न विचारता हातातली फुलं खाली टाकली आणि तिथेच, पसरलेल्या मोहफुलांवर, बसकण मारली.

त्याला आता काही आठवडे झाले. निर्मलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. देवरीहून आत, जंगलाला लागून आमचं गाव. मी लग्न होऊन गोंदियाला गेले, तिथे शाळेत शिकवते. दादा, वहिनी आणि आमची आई, जिला आम्ही माय म्हणतो, गावीच धानाची शेती बघत राहिले. वहिनी घरात आली तेव्हा मी शाळकरी पोर होते आणि अतोनात भित्री. काळोखाला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, परीक्षेला तर भ्यायचेच. वहिनीचं नेमकं उलट. एकदा स्वयंपाकघरात साप निघाला. दादा काठी शोधत बाहेर पळाला तो बराच वेळ आलाच नाही, मी पलंगावर चढून किंचाळत होते, आणि वहिनीने सापावर घमेलं पालथं घातलं आणि साप पकडणारा येईपर्यंत त्या घमेल्यावर पाटा ठेवून शेजारी तांदूळ निवडत बसली. मला म्हणाली, "काऊन भेते वो बाई? तो बी भेऊनच राहिला हाये आत." आमच्या घरात भीती सगळी माझ्या वाट्याला आली आणि हिंमत वहिनीच्या, असं दादा गमतीने म्हणायचा. मलाही ती वाटणी मान्य होती. घाबरायचं काम मी करायचं, निस्तरायचं काम वहिनीने.

गाठ लागली तेव्हाही तिने लपवाछपवी केली नाही. आंघोळ करून थेट फोन लावला, "बाई, मले छातीत गाठ लागून राहिली. कोठी दाखवाचं ते पाह्य." नागपूरला ऑपरेशन झालं, आणि मग किमोथेरपी घ्यावी लागेल असं सांगितलं. तिथल्या डॉक्टर तरुण होत्या, पण घाईत असूनही खुर्ची पुढे ओढून बोलायच्या. कॅन्सरच्या पेशी बाहेरून आलेल्या नसतात, आपल्याच असतात, म्हणाल्या. फक्त त्यांना थांबायचं कळत नाही, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात. किमोची औषधं अशा भराभर वाढणाऱ्या पेशीला ती वाढत असतानाच गाठून मारतात. अडचण अशी की शरीरात भराभर वाढणाऱ्या चांगल्या पेशीही असतात. केसांच्या मुळाशी, तोंडाच्या आणि आतड्याच्या अस्तरात, हाडांच्या आत जिथे रक्त तयार होतं तिथे. औषधाला आपलं-परकं ओळखता येत नाही. म्हणून केस जातात, तोंड येतं, पोट बिघडतं, रक्तातल्या पेशी घटतात. त्या चांगल्या पेशींना पुन्हा उभं राहायला सवड मिळावी म्हणून दोन डोसांत तीन आठवडे जाऊ द्यायचे. दादा मान डोलावत होता आणि त्याला काही कळत नव्हतं. वहिनीला कळलं. "म्हंजे करगाच हाये म्हणा ना," ती म्हणाली. करगा म्हणजे धानात उगवणारं तण, दिसायला हुबेहूब धानासारखं, लोंबी येईपर्यंत जुन्या शेतकऱ्यालाही फसवतं. डॉक्टरांनी 'अगदी तसंच' म्हटल्यावर वहिनी हसली, "अन् हे औषध म्हंजे आंधळ्या बाईले निंदाले बसवलं. करगा बी उपटंल, धान बी उपटंल." डॉक्टर हसल्या. मला हसू आलं नाही. आंधळी बाई वहिनीच्या अंगात बसणार होती.

पहिल्या डोसाला मी बरोबर होते. औषध लाल होतं, सरबतासारखं लाल, आणि नर्स ते शिरेत सोडताना एकटक सुईकडे पाहत होती, कारण ते शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळतं. एवढं ऐकल्यावर मी बाहेर जाऊन पाणी प्यायले. लघवी एक-दोन दिवस लाल होईल हेही नर्सने सांगितलं होतं, पण ऐन वेळी दोघीही ते विसरलो. धर्मशाळेतल्या संडासातून वहिनीने हाक मारली, "बाई, इकडं ये तं, मले रक्त जाऊन राहिलं!" मी रडायलाच लागले. मग तिलाच आठवलं आणि आतून तिचं हसणं ऐकू आलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. शेजारच्या घरातल्या फोडणीनेही तिच्या पोटात ढवळायचं. केस गळले, त्याची तिने तयारी ठेवली होती. भुवयाही जातील हे कुणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी आरशासमोर टिकली बोटावर घेऊन ती उगीच उभी होती. मी विचारलं तर म्हणाली, "मधली जागा कोणती तेच समजून नाही राहिलं."

पण डॉक्टरांनी सगळ्यात बजावून सांगितली होती ती गोष्ट दिसणारी नव्हतीच. डोसानंतर आठवडाभराने रक्तातल्या पांढऱ्या पेशी, म्हणजे अंगाची राखण करणाऱ्या, अगदी तळाला जातात. तेव्हा साधा जंतूही जिवावर बेततो, आणि अंगात लढायला कुणी नसल्यामुळे पू नाही, सूज नाही, खोकला नाही, ताप हीच एक खूण. शंभराच्या वर पारा सरकला की तासाभरात दवाखाना. तापाची गोळी देऊन वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी हे दोनदा सांगितलं, आणि मी ते मनात किती वेळा घोकलं त्याला गणती नाही. पेशी लवकर वाढाव्यात म्हणून डोसाच्या दुसऱ्या दिवशी एक इंजेक्शन असायचं. ते मी गोंदियाहून थर्मासमध्ये बर्फात घालून न्यायचे. औषधवाला दर वेळी म्हणायचा, "दीदी, टेन्शन मत लो, सब ठीक होगा, बस बरफ मत पिघलने देना." बस देवरीला पोचेपर्यंत मी तो थर्मास मांडीवरून खाली ठेवायचे नाही. आणि पेशी घटायचे ते दिवस आले की मी सुट्टी टाकून गावी जायचे, दिवसातून चार वेळा थर्मामीटर लावायचे. वहिनी म्हणायची, "माह्या काखेत आता खड्डा पडंल."

आता आमच्या गावाची रीत सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे आमच्याकडे वैर धरण्यासारखं. येणारा बिस्किटाचा पुडा आणतो, खाटेवर आजाऱ्याच्या पायाशी बसतो, त्याचा हात हातात घेतो, गालावरून हात फिरवून बोटं मोडतो. दाराशी थांबा म्हणणं म्हणजे अपमान. पहिल्या डोसानंतर ऐन पडत्या दिवसांत अर्धं गाव वहिनीच्या खाटेवर बसून गेलं. सर्दीने नाक वाहणारी एक म्हातारी तिच्या तोंडावरून हात फिरवत "माय वो, कशी झाली वो पोरगी" म्हणून रडली, तेव्हा माझा तोल गेला. मी तिचा हात धरून बाजूला केला आणि नको ते बोलले. मी मुळातच तिखट जिभेची, घाबरले की जास्तच. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की गोंदियात राहून दादाची बहीण माणूसघाणी झाली. लोक मात्र यायचे थांबले नाहीत. उलट मला समजवायलाही येऊ लागले.

युक्ती वहिनीचीच. दुसऱ्या डोसाहून परत आल्यावर तिने दादाला कडुनिंबाचे डहाळे तोडून आणायला लावले. "गावातल्या बाया डॉक्टरले भेत नाही. बाईच्या तोंडाले तं बिलकूल भेत नाही," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "मातेले भेतात." माता म्हणजे अंगावर कांजण्यांसारखे फोड येतात ती. आमच्याकडे तो आजार नाही मानत, देवी पाहुणी आली असं मानतात. मग दाराला निंबाचे डहाळे लागतात, आणि ते दिसले की बाहेरचं माणूस उंबरा ओलांडत नाही. घरातलाही पाय धुतल्याशिवाय आत येत नाही. फोडणी बंद, तळण बंद, मोठ्याने बोलणं बंद. मी ऐकत गेले आणि मला नवल वाटत गेलं. डॉक्टरांनी छापील कागदावर दिलेलं पथ्यच जणू कुणीतरी शेकडो वर्षांपूर्वी या गावासाठी लिहून ठेवलं होतं. मायने आधी कुरकुर केली, देवीच्या नावानं खोटं कायले? वहिनी म्हणाली, "माय, मी बी तं तिचंच लेकरू. माह्यासाठी दोन पानं उधार नाही देणार काय ते?" माय विरघळली. डहाळे लागले. त्या दिवसापासून घरात कुणी पाऊल टाकलं नाही. बाया अंगणाबाहेरूनच हात जोडून जायच्या आणि आम्ही दोघी आत तोंडावर पदर धरून हसायचो. माझी भीती इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा सैल झाली.

फक्त एक गोष्ट तेव्हा आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही. मातेच्या नियमांत जुळणारे होते तसे न जुळणारेही होते. मातेचा माणूस थंड खातो, रात्रीचा भात, दही, ताक, शिळंपाकं, कारण देवीला निववायचं असतं. आणि मातेच्या माणसाला सुई टोचत नाहीत, दवाखान्यात नेत नाहीत. देवी आपल्या पायांनी येते आणि आपल्या पायांनी जाते. आम्ही निंब बांधला तेव्हा अर्धेच नियम बांधतोय असं आम्हाला वाटलं. पण निंब असा अर्धा बांधता येत नाही.

माता आठ-पंधरा दिवसांत जाते, ही जाईना. डहाळे सुकले की दादा नवे लावी. डोसाला तिला गाव जागं व्हायच्या आत, अंधारातच नेत. तिसऱ्या डोसापर्यंत गावात बोलणं सुरू झालं की त्यांच्या घरी देवी मुक्कामालाच बसली आहे. लाल औषधाने वहिनीची कातडी काळवंडली होती, नखं काळी पडली होती, भुवया नव्हत्या. खिडकीतून कुणाला ती तशी दिसली असेल. मग बाया उंबऱ्यापाशी नारळ ठेवू लागल्या, द्रोणात दहीभात ठेवू लागल्या. एक दिवस लेकराला घेऊन आलेल्या एका बाईने बाहेरच्या मातीत डोकं टेकलं. वहिनी खिडकीच्या आड उभी होती. मला वाटलं आता हसेल. ती म्हणाली, "बाई, ते माह्या पाया पडली... म्या तं टकली बाई." आणि खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मायचंही काहीतरी बदललं होतं. सुरुवातीला लोकांना दाखवायला म्हणून ती दाराशी पाणी शिंपडायची. आता पहाटे उठून, कुणी पाहत नसतानाही, शिंपडायची आणि पुटपुटायची. उंबऱ्यावरचा दहीभात एकदा मी उकिरड्यावर टाकला तर माझ्यावर धावून आली. "कोणं शिकवलं वो तुले देवीचा नैवेद्य फेकाले?" मी म्हटलं, माय, देवी नाहीये, आपणच तर... तिने मला वाक्य पुरं करू दिलं नाही.

चौथ्या डोसानंतर वहिनीचं तोंड असं आलं की थुंकी गिळवेना. ओठांच्या आत, जिभेखाली, घशापर्यंत पांढरे चट्टे. गरम काही तोंडाला लावलं की डोळ्यांतून पाणी. मी आले त्याच्या आदल्या दिवशी मायने तिला दहीभात भरवला होता, उंबऱ्यावरचाच, थंडगार. किती दिवसांत पहिल्यांदा ती पोटभर जेवली म्हणे. मायला झालेला आनंद मला अजून दिसतो. त्या भातानेच पुढचं घडलं असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनीही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, असे जंतू पुष्कळदा आपल्याच आतड्यातले असतात, अस्तर सोललं की रक्तात उतरतात. कुठून आले हे सांगता येत नाही. पण मला झोप येत नाही तेव्हा तो द्रोणच दिसतो, त्याला मी काय करू?

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी गोधडी पांघरून पडली होती. चैत्राचं ऊन बाहेर तापत होतं आणि तिने गोधडी गळ्यापर्यंत ओढली होती. मी कपाळाला हात लावायला गेले तर तिने मान वळवली. "काही नाही. असंच." मी जबरदस्तीने थर्मामीटर लावलं. पारा शंभर केव्हाच ओलांडून गेला होता. "केव्हापासून?" मी ओरडले तेव्हा हळूच म्हणाली, "पहाटपासून. कोणाले सांगू नोको." का, काऊन, असं मी विचारत राहिले. तिने माझा हात धरला, तिचा हात तव्यासारखा पोळत होता. "म्या खोटी माता बांधली बाई... खरी आली."

घमेल्याखाली साप धरून तांदूळ निवडणारी ही बाई. तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं ते मला ओळखीचं होतं, कारण ते जन्मभर माझंच होतं. मला आयुष्यात त्याआधी आणि त्यानंतर एवढी भीती कधी वाटलेली नाही. तिच्या मरणाची भीती तर होतीच. पण ती स्वतः घाबरली आहे, आणि आता निस्तरायला घरात कुणी नाही, याची जास्त.

बाहेर आले तर माय दारात बसलेली. तिने ऐकलं होतं. आडवी बसली होती, एका चौकटीपासून दुसऱ्या चौकटीपर्यंत. "न्यायचं नाही," म्हणाली. "सुई लावली तं कोपंल. निंबाचं पाणी फिरवतो, उतरते संध्याकाळपर्यंत." मी हात जोडले, ओरडले, पांढऱ्या पेशी, जंतू, डॉक्टर, काय काय सांगितलं. ती रडत होती आणि हलत नव्हती. तिचंही सुनेवर माझ्याइतकंच प्रेम होतं, म्हणूनच ती हलत नव्हती. दादा अंगणात उभा, एकदा आईकडे पाही, एकदा माझ्याकडे. "जरा वाट पाहू काय?" एवढंच त्याला सुचलं. रुग्णवाहिकेला फोन केला तर ती दुसऱ्या पेशंटला घेऊन लांब गेलेली. शेजारच्या गाडीवाल्याला बोलावलं. तो आला, फाटकातूनच डहाळे पाहिले आणि कासावीस झाला. "ताई, घरी माह्या लहान लेकरू हाये... मातेचं माणूस गाडीत कसं बसवू?" ही माता नाहीये, आम्ही खोटंच बांधलं होतं, मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू भीतीने माझं डोकं फिरलंय. कोण विश्वास ठेवणार? आम्हीच तर त्यांना पटवलं होतं.

मग मला सिद्धार्थ आठवला. हायवेवर जीप चालवतो. त्याचं घर बौद्ध वस्तीत, त्यांच्यात माता मानत नाहीत. वहिनीची आणि त्याच्या आईची धानाच्या रोवणीतली, म्हणजे लावणीतली, मैत्री. तो लगेच आला. मी रागातच होते, म्हटलं, "तुम्ही तर मानत नाही ना? मग एवढ्या दिवसांत एकदाही का आला नाहीत?" तो म्हणाला, "आम्ही नाही मानत ताई. पण तुम्ही मानता ना. निंब दिसला, म्हणून आलो नाही." आणि मग त्याने जे केलं ते मला सुचलं नसतं. मला वाटलं, हा आता मायला उचलून बाजूला करेल. त्याने चपला काढल्या, रांजणातलं पाणी घेऊन पाय धुतले, अगदी नियमाप्रमाणे, आणि मायसमोर उकिडवा बसला. "माय, देवीले बी घेऊ ना गाडीत. तिले काय उन्हात ठेवता? तुम्ही निंब घेऊन समोर बसा, निर्मलाकाकू मागं. दोघी बी जातीन." माय त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग उठली, दारावरचा एक डहाळा तोडून घेतला आणि पदर खोचून जीपकडे चालू लागली.

नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं, आधी देवरीत अँटिबायोटिक सुरू करून घ्या, मग आणा. ते झालं. सलाईनची बाटली दादाने हातात उंच धरली होती. जीप हायवेवरून जितकी धावता येईल तितकी धावत होती, पुढे मायच्या मांडीवर निंबाचा डहाळा, मागे माझ्या मांडीवर वहिनीचं डोकं. वाऱ्याने तिच्या डोक्यावरचा रुमाल निसटला आणि कुणीच तो नीट केला नाही. हॉस्पिटलात त्या तरुण डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ताप केव्हापासून? दादाने माझ्याकडे पाहिलं, माय खाली पाहत होती. वहिनीच म्हणाली, "पहाटपासून." डॉक्टरांनी मान वर केली, आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि पुढच्या कामाला लागल्या. पांढऱ्या पेशी जवळपास नव्हत्याच.

आयसीयूत मला काही मिनिटं सोडलं. तोंडावर मास्क होता, बोलताना तिला धाप लागत होती. आधी म्हणाली, "मायले बोलजो नोको काही." मी मान हलवली. मग म्हणाली, "बाई, भेव लागून राहिलं वो." मी म्हटलं, मलापण. ती त्यातही किंचित हसली. "तू तं लहानपणापासून भेते. तुले सवय हाये. मले नाही." आणि माझा हात दाबून विचारलं, "सांग ना. कसं करतात?" चाळीस वर्षं घाबरत आले मी, पण घाबरल्यावर काय करायचं हे मला कुठं माहीत होतं? मी तिचा हात धरून उभी राहिले. नर्सने बाहेर काढलं तेव्हा कळलं, तेवढंच करतात. ते तिला सांगायचं राहून गेलं.

मायला तिथल्या बाकावर बसवेना, म्हणून दादाने आम्हा दोघींना गावी धाडलं. त्यानंतर तो फोन.

मायला मी काही बोलले नाही. पुष्कळ वेळा जिभेवर आलं, आणि माझी जीभ किती आवरते हे घरचे जाणतात. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की आधी आणलं असतं तर वाचल्याच असत्या असं म्हणता येत नाही. तास महत्त्वाचे असतात, एवढं खरं. त्याच वॉर्डात वहिनीबरोबर लाल औषध घेतलेल्या बाया बऱ्या होऊन घरी गेल्या, त्यातली एक मला फोन करते, डोक्यावर नवे केस आलेत, कुरळे आलेत म्हणते. हे मुद्दाम लिहिते, कारण गावात आता लोक म्हणतात की औषधानेच मारलं. औषधाने नाही मारलं. वहिनी गेल्यावर ज्यांना आम्ही इतके दिवस बाहेर ठेवलं ते सगळे आले, अंगण भरलं, रस्ता भरला, आणि निंब दादाने काढून टाकला होता तरी उंबरा कुणी ओलांडला नाही.

पंधरा दिवसांपूर्वी गावात आणखी एका घरी किमो सुरू झाली. शाळेपलीकडच्या घरातली तरुण सून आहे. कुणी मला विचारायला आलं नाही, आणि मीही गेले नाही. मला धीर नव्हता. पण गेल्या रविवारी मी गावी होते तेव्हा ऊन कलल्यावर माय काठी घेऊन निघाली. कुठे जाते म्हटलं तर चालतच राहिली, म्हणून मी मागोमाग गेले. ती त्या घराच्या अंगणाबाहेर जाऊन थांबली. आत गेली नाही. आतून म्हातारी सासू "या ना माय, बसा" म्हणाली तर मायने हातानेच नको म्हटलं, आणि रस्त्यावरूनच, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आज ताप पाहला काय वो?"

"पाहला माय. नाही हाये," आतून ती सून म्हणाली.

"दाखव."

डोक्याला रुमाल बांधलेली ती पोरगी खिडकीशी आली आणि तिने गजांतून थर्मामीटर बाहेर धरलं. शेजारीण मला हळूच म्हणाली, रोज येते तुमची माय, सकाळी आणि आता, दाखवल्याशिवाय जात नाही. माय काठीवर भार टाकून, डोळे बारीक करून त्या थर्मामीटरकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. तिला आकडे वाचता येत नाहीत.